घरगुती चटणी-पापडाच्या व्यवसायाला लागणारे परवाने आणि त्यांचा क्रम

सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या हद्दीतील राहत्या घरातून तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई कांदा-लसूण चटणी, उडदाचे पापड, सांडगे आणि लोणची करून विकणार आहात. पुढे पुण्यातील नणंदेकडूनही विक्री करण्याचा विचार आहे आणि एका एजंटाने ‘सगळे परवाने एकत्र काढून देतो’ म्हणून मोठी रक्कम सांगितली आहे. तेव्हा नेमके कोणते कागद लागतात, ते कोणत्या क्रमाने काढायचे आणि काम केव्हा सुरू करता येईल, असे तुम्ही विचारले आहे. लहान उद्योगांच्या परवान्यांची कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून आधी एवढेच सांगतो की तुमच्या आकाराच्या व्यवसायाला लागणारे बहुतेक कागद अवघडही नाहीत आणि महागही नाहीत. मात्र ते एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि एका कागदावरचे नाव, पत्ता किंवा कामाचे वर्णन दुसऱ्याशी जुळले नाही की बँकेतील खात्यापासून अनुदानाच्या अर्जापर्यंत सगळे अडून बसते. म्हणून पहिला अर्ज भरण्यापूर्वी व्यवसाय कोणाच्या नावावर राहील, कोणत्या पत्त्यावर चालेल आणि त्या पत्त्यावर नेमके काय होईल, हे घरात बसून पक्के करा.

नावाचा प्रश्न तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण काम दोघी करणार आहात. एकीच्या नावावर मालकी हक्काचा व्यवसाय काढला तर कागद कमी लागतात. तिचे पॅन आणि तिचे आधार एवढ्यावर बाकी सगळे उभे राहते. पण मग कायद्याच्या दृष्टीने दुसरी केवळ मदतनीस ठरते. दोघींचे भांडवल आणि कष्ट सारखे असतील तर मुद्रांक शुल्क भरून भागीदारी करारनामा करावा, भागीदारी संस्थेचे स्वतंत्र पॅन काढावे आणि संस्थेची नोंदणी निबंधकांकडे करून घ्यावी. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे ही नोंदणी सक्तीची नाही, परंतु कलम ६९ मुळे नोंदणी नसलेल्या संस्थेला करारावरून कोणाविरुद्ध थकबाकीचा दावा लावता येत नाही. उधारीवर माल देणाऱ्या धंद्यात ही मोठी अडचण आहे. जावा-जावांचे आज चांगले आहे म्हणून करारनामा टाळू नका. आज चांगले आहे तोवरच तो शांतपणे लिहून होतो. तुम्ही आधीपासून एखाद्या बचत गटात असाल तर तो तिसरा मार्ग आहे, कारण प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत गटातील सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केलेली आहे.

पत्त्याची अडचण वेगळ्या प्रकारची असते. घर सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर, घरपट्टीच्या पावतीवर जुना मिळकत क्रमांक आणि आधार कार्डावर ‘मारुती मंदिराजवळ’ एवढाच पत्ता, असे चार प्रकारचे चार कागद घेऊन लोक येतात. प्रत्येक कागद आपापल्या जागी खरा असतो, पण ऑनलाइन अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे फक्त स्कॅन केलेली पाने असतात आणि त्याला ते एकच घर आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून नगरपरिषदेकडून चालू वर्षाचा मालमत्ता कराचा उतारा घ्या, त्यावर जसा मिळकत क्रमांक, प्रभाग आणि रस्ता लिहिला असेल अगदी तसाच पत्ता एका कागदावर उतरवून ठेवा आणि यापुढे प्रत्येक अर्जात तोच मजकूर, त्याच क्रमाने भरा. ज्यांच्या नावावर घर आहे त्यांचे, या जागेत हा व्यवसाय करण्यास हरकत नाही, असे संमतिपत्र करून घ्या. वारसनोंद झाली नसेल तर ती प्रक्रिया आजच सुरू करा, कारण पुढे कर्जाच्या वेळी बँक तिथेच थांबते.

आता खऱ्या अर्थाने आधी लागणारा कागद. खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या प्रत्येकाला अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ लागू होतो आणि घरगुती व्यवसाय त्यातून सुटत नाही. लहान उत्पादकाला केवळ नोंदणी पुरते, त्याहून मोठ्याला राज्याचा परवाना आणि सर्वांत मोठ्याला केंद्राचा परवाना लागतो. २०११ च्या नियमावलीने नोंदणीची सीमा वार्षिक १२ लाख रुपये उलाढालीवर ठेवली होती. ही सीमा आणि शुल्क केंद्र सरकार ठरवते, म्हणून अर्जाच्या दिवशी ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर जे आकडे दिसतील तेच धरा. तुमचा अंदाज पहिल्या वर्षी सात-आठ लाखांचा असेल तर तुम्ही नोंदणीतच बसता. एजंटाच्या ‘पॅकेज’मध्ये राज्य परवाना घातलेला असेल तर तो कशासाठी, हे त्याला विचारा. नोंदणीसाठी फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कोणते पदार्थ करणार त्याची माहिती एवढेच लागते. परवान्याच्या अर्जाला जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल अशी बरीच भर पडते, आणि नंतर उत्पादकाला दर वर्षी ३१ मेपूर्वी वार्षिक विवरणपत्रही भरावे लागते. गरज नसताना वरच्या पायरीवर चढणे म्हणजे दर वर्षीचे ओझे विकत घेणे आहे. याच्या उलटही तितकेच खरे आहे : उलाढाल सीमेपलीकडे गेल्यावर नोंदणीवरच काम रेटत राहिलात तर तो विनापरवाना व्यवसाय ठरतो.

अर्ज भरताना ‘व्यवसायाचा प्रकार’ हा रकाना सावकाश वाचा. तुम्ही उत्पादन करता आणि त्याच जागेतून किरकोळ विक्रीही करता, म्हणून दोन्ही निवडा. एकाच जागेतील दोन्ही कामांना एकच नोंदणी चालते. पुष्कळ जण घाईत फक्त किरकोळ विक्री निवडतात आणि पुढे पाकिटावर ‘उत्पादक’ म्हणून स्वतःचे नाव छापतात. तपासणीत हे लगेच दिसते. मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. त्यातील पहिला अंक १ असेल तर परवाना आणि २ असेल तर नोंदणी, आणि महाराष्ट्रातील नोंदणीचे क्रमांक २१५ ने सुरू होतात. तुमच्या हाती कोणी ११५ ने सुरू होणारा क्रमांक दिला तर तुमच्या नावावर राज्य परवाना काढला गेला आहे, हे तिथेच ओळखता येईल. हाच क्रमांक बिलावरही छापावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून ते सक्तीचे आहे.

काम कधी सुरू करता येईल, या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. नियमावलीप्रमाणे नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा किंवा तपासणीची सूचना द्यायची असते, आणि परवान्याच्या अर्जावर दोन महिन्यांत निर्णय झाला नाही तर अर्जदाराला व्यवसाय सुरू करता येतो, असे कायद्यातच म्हटले आहे. त्यामुळे अर्जाची पोच आणि शुल्क भरल्याची पावती फाइलला लावून ठेवा. नोंदणी हाती येण्यापूर्वी नातेवाइकांना चव पाहायला देणे ठीक आहे. पैसे घेऊन विक्री करणे ठीक नाही, मग ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ओळखीच्या गटात असली तरी.

चटणीबद्दल एक नियम असा आहे, जो आपल्या भागात फारच थोड्यांना माहीत असतो. दळलेले किंवा कुटलेले मसाले सुटे विकण्यास अन्न सुरक्षेच्या २०११ च्या विक्रीनिर्बंध नियमांनी मनाई केली आहे. ते पॅकबंदच विकावे लागतात. डब्यातून काढून कागदात बांधून अर्धा किलो चटणी देण्याची आपली जुनी पद्धत आहे, पण तुम्ही नोंदणीकृत उत्पादक झालात की ती बंद करावी लागेल. दुसरे असे की मिरची कुटायला तुम्ही गावातल्या डंकावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या गिरणीवर, देणार असाल तर त्या डंकवाल्याकडेही अन्नाची नोंदणी असायला हवी. त्याच्या क्रमांकाची प्रत मागून घ्या. तो कुरकुरेल, पण प्रश्न तुमच्या मालाचा आहे.

पाकीट पॅक झाले की वैधमापन शास्त्राचा, म्हणजे लोक ज्याला वजनमापे खाते म्हणतात त्याचा, संबंध येतो. वैधमापन अधिनियम, २००९ आणि आवेष्टित वस्तू नियम, २०११ हे त्याचे आधार आहेत. उत्पादक किंवा पॅकर म्हणून नाव-पत्त्याची नोंदणी पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत करायची असते आणि तिचे शुल्क ५०० रुपये आहे. काट्याचीही तितकीच काळजी घ्या. स्वयंपाकघरात केकसाठी वापरतात तो छोटा काटा व्यापाराला चालत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून, पडताळणीचा शिक्का आणि प्रमाणपत्र असलेला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि दर वर्षी त्याची फेरपडताळणी करून घ्या. मी पाहिलेल्या कारवायांत चटणीच्या दर्जापेक्षा काट्याच्या संपलेल्या मुदतीवरून झालेल्या अधिक आहेत.

लेबलावर थोडे अधिक लिहितो, कारण छापून आलेली हजारो लेबले रद्दीत टाकण्याची वेळ येते ती याच ठिकाणी. समजा, तुमच्या चटणीचे अर्ध्या किलोचे पाकीट आहे. त्यावर पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, अन्न सुरक्षेचे बोधचिन्ह व १४ अंकी क्रमांक आणि शाकाहाराचे चिन्ह, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल, एवढे लागते. आता त्यातील खाचा पाहा. घटकांत मिरची, कांदा, लसूण, खोबरे, तीळ, तेल, मीठ लिहिताना ‘इतर मसाले’ असे मोघम लिहिले तर ते अपुरे समजले जाऊ शकते. तीळ किंवा हिंगातील गव्हाचे पीठ यांसारख्या घटकांवरून ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी इशारा लिहिण्याची सवय लावून घ्या. भाषेचा नियम असा आहे की सक्तीचा मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. त्याच्या जोडीला मराठी कितीही घाला, पण केवळ मराठी ठेवू नका. तसेच वजन आणि किंमत यांचे आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत, म्हणजे इंग्रजी पुस्तकांत छापतात त्या अंकांत, द्यावे लागतात. देवनागरी अंकांत सुंदर छापलेले वजन कायद्याला चालत नाही. छपाईला देण्याआधी एक नमुना साध्या कागदावर काढून तो अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा एखाद्या जाणकाराला दाखवा.

शॉप अ‍ॅक्टबद्दल, ज्याला अजूनही सगळे गुमास्ता परवाना म्हणतात, बाजारात सर्वांत जास्त गैरसमज आहेत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि त्याने लहान दुकानांची परवान्यातून सुटका केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत केवळ सूचना द्यायची असते आणि त्याची ऑनलाइन पोच मिळते; २०२५ मध्ये ही कामगारांची मर्यादा २० पर्यंत नेण्याचा निर्णय राज्याने घेतला. या पोचपावतीला नूतनीकरण नाही. ‘शॉप अ‍ॅक्ट रिन्यू करून देतो’ म्हणून तुमच्याकडे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मात्र पाटीचा नियम लहान दुकानांनाही लागू आहे : २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाचे नाव देवनागरी लिपीतील मराठीत आणि सुरुवातीला हवे, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नकोत. घराबाहेर पाटी लावणार असाल तर हे लक्षात ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती आधार आणि पॅनवर, पूर्णपणे विनामूल्य आणि कोणतेही कागद न जोडता होते. ती परवाना नाही, पण कर्ज, अनुदान आणि थकलेले बिल वसूल करण्याच्या दृष्टीने ती फार उपयोगाची आहे. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे तिच्यासाठी शुल्क घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ दिसल्याशिवाय आधार क्रमांक टाकू नका. बँकेत चालू खात्यासाठी दोन पुरावे मागतात, त्यात अन्नाची नोंदणी आणि उद्यम प्रमाणपत्र हे दोन बहुतेक ठिकाणी चालतात. शॉप अ‍ॅक्टची पोच स्वयंघोषणेवर मिळते म्हणून काही शाखा ती एकटी स्वीकारत नाहीत. म्हणूनच मी क्रम असा ठेवतो : पॅन आणि पत्ता, मग अन्नाची नोंदणी, मग शॉप अ‍ॅक्टची सूचना, उद्यम, बँक खाते आणि त्यानंतर बाकीचे.

बाकीच्यांत व्यवसाय कर हमखास राहून जातो. १९७५ च्या राज्य कायद्याप्रमाणे व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीला वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात, आणि भागीदारीत तो प्रत्येक भागीदाराला वेगळा लागतो. ६५ वर्षांवरील व्यक्तींना त्यातून सूट आहे. पुढे पगारी माणसे ठेवलीत तर त्यांच्या पगारातून कापून भरण्यासाठी मालक म्हणून वेगळी नोंदणी लागते. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही, तेव्हा पापड लाटायला येणाऱ्या बायकांच्या बाबतीत बहुधा कापण्याचा प्रश्न येणार नाही. हा कर न भरल्याची नोटीस अनेक वर्षांनी, व्याज आणि दंडासह येते. म्हणून पहिल्याच वर्षी नोंदणी करा.

जीएसटीची नोंदणी वस्तूंच्या विक्रीला वार्षिक ४० लाखांपर्यंत लागत नाही. परंतु माल महाराष्ट्राबाहेर, उदाहरणार्थ बेळगाव किंवा पणजीच्या दुकानदाराला, विकायचा झाला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी करावी लागते. सीमाभागाजवळच्या आपल्या लोकांना हा नियम नेहमी अडवतो. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन मंचावरून विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीऐवजी केवळ नावनोंदणी क्रमांक पुरतो. गरज नसताना जीएसटी घेतल्यास दर महिन्याची किंवा तिमाहीची विवरणपत्रे मागे लागतात, तेव्हा पहिल्या वर्षी थांबा, असे माझे मत आहे.

नगरपरिषदेकडे जाऊन तुमच्या व्यवसायाला तिच्या स्वतंत्र परवान्याची गरज आहे का, हे लेखी विचारा, कारण नगरपरिषदेगणिक यादी आणि शुल्क वेगळे असते. विजेबाबत मात्र एक सवलत नक्की आहे. घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्या आणि महिन्याला ३०० युनिट व वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्या महावितरणच्या ग्राहकाला घरगुती दरच लागू राहतो. स्वतःचा डंक बसवलात तर चित्र बदलते : मसाला गिरणी औद्योगिक दरात मोडते, वेगळी जोडणी घ्यावी लागते आणि यंत्राच्या क्षमतेप्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा प्रश्नही येतो. शेजाऱ्यांची तक्रारही मिरचीच्या ठसक्यावरूनच येते, आणि ती रास्त असते. म्हणून पहिली दोन वर्षे कुटण्याचे काम बाहेर देणे मला शहाणपणाचे वाटते. यंत्र घेण्याची वेळ येईल तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रात आणि कृषी कार्यालयात जा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान आहे आणि तिथे नेमलेल्या संसाधन व्यक्ती कागदपत्रांतही मदत करतात. एजंटाच्या पॅकेजमधील निम्मी कामे तिथे तुमच्यासमोर बसून होतील.

तरीही तुम्ही एजंटाची मदत घेणार असाल तर प्रत्येक अर्जावर मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच असू द्या, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा आणि सरकारी शुल्काची मूळ पावती मागा. लॉगिन एजंटाच्या क्रमांकावर असल्यामुळे पत्ता बदलण्यासाठी पुन्हा त्याच्याच दारात उभे राहणाऱ्या माणसांची मला खरोखर काळजी वाटते. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ३० दिवसांत पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य आयोगाकडे तिसरे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहून नम्रपणे केलेल्या पहिल्या अपिलानंतर बहुतेक अर्ज हलतात.

पुण्याच्या नणंदेबद्दल : त्या तुमची पॅकबंद पाकिटे आपल्या सदनिकेतून विकणार असतील तर ती जागा वेगळी असल्यामुळे तिथे विक्रीसाठी अन्नाची स्वतंत्र नोंदणी लागेल, मग ती त्यांच्या नावावर घ्या किंवा तुमच्या व्यवसायाच्या नावावर. त्या जागेची शॉप अ‍ॅक्टची सूचनाही वेगळी द्यावी लागेल, आणि गृहनिर्माण संस्थेशी आधी बोलून घेणे बरे. तुमच्याच व्यवसायाची ती शाखा असेल तर उद्यम क्रमांक तोच राहतो, त्यात केवळ नवा पत्ता वाढवायचा असतो. त्या स्वतंत्रपणे माल विकत घेऊन विकणार असतील तर त्यांची उलाढाल आणि त्यांचा व्यवसाय कर त्यांच्या खात्यात धरला जाईल. पाकिटावर मात्र दोन्ही प्रकारांत उत्पादक म्हणून तुमच्या गावचाच पत्ता आणि तुमचाच १४ अंकी क्रमांक राहील.